डाव्या हाताचा शॉकर

लखनौमध्ये गाडीच्या डिकीला डिग्गी म्हणतात, आणि डिग्गीचं दार उघडल्यावर ते वर तोलून धरणाऱ्या गॅसच्या नळीला शॉकर. मी रेल्वेत पुलांचा इंजिनिअर होतो. त्या नळीचं पुस्तकी इंग्रजी नाव मला पाठ होतं आणि पहिल्या दिवशी मी ते लाटूश रोडवरच्या, गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या चार दुकानांत मोठ्या रुबाबात ऐकवलं. चारही दुकानदारांनी मला अदबीने पुढच्या दुकानाचा रस्ता दाखवला. पाचव्या दुकानात मी मुकाट्याने ‘डिग्गी का शॉकर’ म्हणालो आणि माणसात आलो.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली. रेल्वेचं घर मिळेना म्हणून आम्ही विकास नगरमध्ये भाड्याने राहत होतो, मी, बायको आणि नववीतली मुलगी. गाडी म्हणजे एक जुनी पांढरी व्हॅन, बदली होऊन गेलेल्या एका साहेबांकडून घेतलेली. तिचं मागचं दार अख्खं, काचेसकट, वरच्या बाजूला उघडायचं आणि दोन बाजूंच्या दोन शॉकरांच्या जोरावर डोक्यावर छपरासारखं राहायचं. म्हणजे राहायला हवं होतं. आम्ही गाडी घेतली तेव्हाच दोन्ही शॉकरांतला जीव गेलेला होता. दोन्ही हातांनी दार वर रेटायचं आणि मच्छरदाणीच्या जुन्या बांबूचा त्याला टेकू द्यायचा, अशी व्यवस्था मी केली होती. नद्यांवर गर्डर बसवणारा माणूस, आणि घरच्या गाडीला मच्छरदाणीचा बांबू. बायको यावरून चिमटे काढायची आणि मी ते कानाआड करायचो.

त्या दाराखाली हिचं वाचनालय चालायचं.

लखनौत मराठी घरं होती, पण विखुरलेली. कोणी बँकेत, कोणी सरकारी कारखान्यात, कोणी केंद्र सरकारच्या कचेरीत. चारबागच्या आसपास रेल्वेवाले, तेलीबागेत नवीन घरं घेतलेले, आमच्या बाजूला आम्ही पाच-सहा. मराठी पुस्तक औषधालाही मिळायचं नाही. मग सुट्टीत गावाकडे निघालेल्या प्रत्येकाच्या हातात ही एक यादी ठेवायची, आणि परतताना त्यांच्या सामानात लोणच्याच्या बरणीशेजारी चार पुस्तकं असायचीच. जुने दिवाळी अंक, मुलांची मासिकं, कादंबऱ्या, कोणाच्या तरी आजोबांनी कव्हर घातलेली चरित्रं. असं करत करत तीनशेच्या वर पुस्तकं जमली. आंब्याच्या लाकडी पेट्यांत ती भरून ही रविवारी सकाळी निघायची. आधी चारबाग, मग तेलीबागेतल्या बागेच्या फाटकाशी. दार वर गेलं की वाचनालय उघडलं, दार खाली आलं की बंद.

तिची पद्धत मला फार आवडायची. तुम्हाला कसलं पुस्तक हवं, असं ती कोणाला विचारायची नाही. ‘घरी काय चाललंय?’ एवढंच विचारायची. समोरची बाई सासूच्या दुखण्याबद्दल, नवऱ्याच्या बढतीबद्दल, मुलाच्या गणिताबद्दल बोलत राहायची आणि ही ऐकता ऐकता पेटीत हात घालून एक पुस्तक काढून द्यायची. बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं. मुलांसाठी मात्र नियम कडक. ‘आंटी, वो नीली वाली देना’ असं कोणी म्हटलं की ही ढिम्म. ‘मराठीत माग, पूर्ण वाक्य कर, मग मिळेल.’ मग तो बिचारा शब्द जुळवत उभा राहायचा, मागची रांग त्याला शब्द पुरवायची, आणि वाक्य पुरं झालं की सगळे टाळ्या वाजवायचे. आमची स्वतःची मुलगी घरात जे करत नव्हती ते ही परक्या पोरांकडून करून घ्यायची. मुलीला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीत.

मग हिच्या उजव्या स्तनात गाठ निघाली.

मुंबईत ऑपरेशन झालं आणि पुढचे उपचारही तिथेच. मधले दिवस ती सांगलीला माहेरी राहिली. लखनौत आम्ही सगळ्यांना सांगितलं की तिच्या आईची तब्येत ठीक नाही, ती सेवेला गेली आहे. असं सांगायचं आमचं दोघांचं ठरलं होतं. सासूबाईंनी फोनवर बजावलं होतं, ‘बाहेर बोलू नका हो, उद्या मुलीच्या लग्नाला लोक नाक मुरडतील.’ खरं सांगायचं तर आम्ही घरातही तो शब्द उच्चारत नव्हतो. ‘ते’ म्हणायचो. ‘त्या’चं औषध, ‘त्या’ची तपासणी. पाच महिन्यांनी ती परत आली तेव्हा केस आखूड होते. आईसाठी नवस बोलले होते, असं तिने बायकांना सांगितलं. तेही खपून गेलं.

उजव्या हाताने वजन उचलायचं नाही, हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, नाहीतर सूज चढेल, असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं. गाडी चालवता येत होती, कारण व्हॅनचं स्टीअरिंग ताटासारखं आडवं असतं आणि गिअर डाव्या हाताला. पेट्या मी शनिवारीच चढवून ठेवू शकत होतो. अडलं ते दारापाशी. ते जड दार एका हाताने वर जाईना, आणि गेलं तरी बांबू लावायला दुसरा हात कुठून आणायचा?

‘मी येतो ना दर रविवारी,’ मी म्हणालो.

‘आणि दाराशी चौकीदारासारखे उभे राहणार? आजवर एखाद्या वेळीच आलात, आता दर रविवारी का, विचारतील ना बायका. कोणी मदतीला पुढे झालं तरी तेच. हाताला काय झालं? मी काय सांगू?’

‘मग काय करायचं म्हणतेस?’

‘ते दार मला एका हाताने उघडता आणि मिटता आलं पाहिजे. नाही जमलं तर पेट्या देऊन टाकू कोणाला तरी. बंद करू वाचनालय.’

हे ती भाजी निवडता निवडता बोलली, डाव्या हाताने, आवाज न चढवता. मला ती घाबरलेली असताना कशी बोलते ते ठाऊक आहे, आणि ती तशीच बोलत होती. त्या पाच महिन्यांत मी तिच्यासाठी काही करू शकलो नव्हतो. डॉक्टरांनी केलं, तिच्या आईने केलं, मी रजा मोजत आणि मनीऑर्डरी करत बसलो. आता निदान दोन शॉकर तरी मी तिला नीट निवडून देऊ शकत होतो. मी बाह्या सरसावल्या.

नळीची उघडी लांबी, मिटलेली लांबी, दोन्ही टोकांच्या वाट्या गाडीवरच्या ज्या गोळ्यांवर बसतात त्यांचा व्यास, सगळं मिलिमीटरमध्ये लिहून काढलं. रद्दीवाल्याकडून ताणकाटा मागून आणला आणि दाराच्या कडेला लावून त्याचं वजन वेगवेगळ्या उंचीवर घेतलं. वहीची तीन पानं भरली. आलेख काढला. मुलगी दारात उभी राहून बघत होती.

‘बाबा, मॅकेनिक को दे दो ना यार,’ ती म्हणाली.

‘मेकॅनिकला काय कळतंय?’ मी म्हणालो.

पाचव्या दुकानातले चाचा सत्तरीचे असतील. पांढरा कुर्ता, चष्म्याच्या दांडीला दोरा गुंडाळलेला, गालात पान. माझी वही त्यांनी मन लावून पाहिली, आलेखाला ‘वाह’ म्हणाले, आणि बाजूला ठेवली. मग माझा जुना शॉकर मांडीवर टेकवून तळहाताने दाबला आणि डोळे मिटून क्षणभर ऐकल्यासारखं केलं. एखादा वैद्य नाडी बघतो तसं ते दिसत होतं, आणि मला मनातून त्याचा राग आला. मी तीन पानं भरली होती ती काय उगीच?

‘जनाब,’ डोळे उघडून ते म्हणाले, ‘बंद कौन करेगा?’

‘मतलब?’

‘खोलता तो शॉकर है। बंद आदमी को करना पड़ता है। तो बंद कौन करेगा?’

प्रश्न अगदी साधा होता. माझी पत्नी, तिचा एक हात चालत नाही, एवढंच सांगायचं होतं. पण पुढे ते ‘क्यों, क्या हुआ’ विचारतील, मग मी काय सांगणार?

‘मैं ही करूँगा,’ मी म्हणालो.

‘फिर तो कोई बात नहीं,’ म्हणत त्यांनी आतून एक नवी कोरी जोडी काढून दिली. लांबी माझ्या वहीतल्या आकड्याशी तंतोतंत जुळत होती आणि जोर भरपूर होता. मी खूश.

शनिवारी दुपारी मी ती स्वतः बसवली. कळ दाबली की दार हातातून निसटून वर झेपावायचं. मी बायकोला हाक मारली. तिने दोन बोटांनी दार उघडलं, ते सर्रकन वर गेलं, आणि तिच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी खरं हसू आलं. ‘अगंबाई!’ म्हणाली. मग मी दोन्ही हातांनी दार खाली ओढून मिटलं, पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. शेजारचे शर्माजी आले त्यांना दाखवलं. मुलीला दाखवलं. दहा-बारा वेळा तरी मी तो खेळ केला असेल. त्यात एकदाही मी बायकोला म्हणालो नाही की आता तू मिटून बघ. गॅसवर दूध होतं म्हणून ती आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती एकटी गेली. मी व्हरांड्यात पेपर वाचत बसलो होतो. दीडच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाशी गलका ऐकू आला. ‘भाभीजी, डिग्गी! डिग्गी खुली है!’ मी उठून फाटकाशी गेलो तर आमची व्हॅन येत होती, मागचं दार आभाळाकडे करून, आणि हिची नजर सरळ समोर. आंब्याच्या पेट्यांना सुतळी बांधलेली, सुतळी मागच्या सीटच्या पायाला गुंडाळलेली. तेलीबागेपासून विकास नगरपर्यंत, म्हणजे अख्खं लखनौ ओलांडून, ती तशी आली होती.

झालं असं होतं की चारबागला एका हमालाने आपणहून दार ओढून मिटून दिलं होतं, पण तेलीबागेत सगळी पुस्तकं देऊन-घेऊन झाल्यावर तिने डाव्या हाताने दार ओढलं. ते निम्म्यापर्यंत आलं आणि परत वर गेलं. पुन्हा ओढलं, पुन्हा वर.

‘मी लोंबकळले हो अक्षरशः,’ ती म्हणाली. ‘पाय उचलले जमिनीवरून. तरी येईना.’

तिथल्या बायका पुढे झाल्या, थांबा, आम्ही ओढतो म्हणाल्या. तेव्हा हिने काय सांगावं? ‘असू दे, आज जरा वारा खाऊ दे पुस्तकांना.’ त्या हसल्या आणि घरी गेल्या. मग हिने दातांनी आणि डाव्या हाताने सुतळीच्या गाठी मारल्या आणि गाडी सुरू केली. प्रत्येक चौकात कोणीतरी स्कूटरवाला ओरडायचा, ‘मैडम, डिग्गी खुली है!’ ‘मालूम है भैया.’ एका वाहतूक पोलिसाने गाडी अडवली. त्याला म्हणाली, किताबों को सीलन लगी है, हवा दे रही हूँ. त्याने जाऊ दिलं.

मला हसू फुटलं आणि मी हसत सुटलो. मग ती पायरीवर बसली आणि तिने डावा तळहात उघडला. दाराच्या कडेने तो लालभडक झाला होता, दोन ठिकाणी कातडं निघालं होतं. माझं हसू जागच्या जागी विरलं आणि मला राग आला. मला भीती वाटली की राग येतो, हा माझा जुना दुर्गुण.

‘एका बाईला सांगितलं असतंस तर आभाळ कोसळलं असतं?’ मी ओरडलो. ‘एवढ्या जणी उभ्या होत्या तिथे!’

ती माझ्याकडे बघत राहिली. ‘तुम्ही दुकानात सांगितलंत?’

मी पेट्यांची सुतळी सोडायला वळलो.

‘नाही, विचारते आपलं. दुकानदाराला माहीत होतं का कोणासाठी घेताय ते?’

‘त्याने विचारलं होतं,’ मी म्हणालो. ‘बंद कौन करेगा म्हणून.’

‘आणि?’

‘मी करणार म्हणालो.’

तिने तळहात हलकेच मिटला. मग म्हणाली, ‘म्हणजे आपण दोघं सारखेच.’ आणि हात धुवायला उठली. मुलगी बरनॉलची ट्यूब घेऊन आली आणि आईच्या तळहाताला लावू लागली. मी पेट्या उतरवल्या. त्या उतरवताना मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी वहीतली ती तीन पानं फाडून टाकली. तसं करून काही उपयोग नव्हता, पण टाकली.

पुढच्या शनिवारी ती माझ्याबरोबर लाटूश रोडला आली. व्हॅन चाचांच्या दुकानासमोर लावली. मी बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात ती फळीपाशी जाऊन उभी राहिली.

‘चाचा, पिछले हफ़्ते ये शॉकर ले गए थे। बंद ये नहीं करेंगे, मैं करूँगी। मेरा कैंसर का ऑपरेशन हुआ है, दाहिने हाथ से ज़ोर नहीं लगता।’

सरळ, भाजीवाल्याशी बोलावं तसं बोलली. इतक्या महिन्यांत तिच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकत होतो, आणि तो तिने सांगितला लाटूश रोडवरच्या एका अनोळखी म्हाताऱ्याला. कदाचित अनोळखी म्हणूनच सांगता आला असेल. मी चाचांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. आता हे हळहळणार, देवाचं नाव घेणार, कोणातरी नातेवाइकाची गोष्ट सांगणार.

चाचांनी यातलं काही केलं नाही. त्यांनी पान थुंकलं, उठून उभे राहिले, तिच्यासाठी स्टूल पुसून पुढे केलं.

‘बायाँ तो दुरुस्त है?’

‘जी, बिलकुल।’

‘तो फिर बायें हाथ का शॉकर ढूँढते हैं,’ ते म्हणाले आणि आत गेले.

पुढचा तासभर मी जे पाहिलं ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. चाचांनी तीन जोड्या बाहेर आणल्या. पहिली बसवली. मग स्वतःचा उजवा हात पाठीमागे नेला, कुर्त्याची कड मुठीत धरली, आणि फक्त डाव्या हाताने दार उघडून मिटून पाहिलं. सत्तरीचा माणूस, भर बाजारात, एक हात पाठीशी. कोणी बघतंय का याची त्यांना फिकीर नव्हती. मान हलवली, ‘नहीं, ये गिर पड़ेगा,’ म्हणाले. ती जोडी काढली. दुसरी लावली. पुन्हा उजवा हात पाठीमागे. ‘बेटी, अब आप।’ हिने ओढलं. दार आलं, पण शेवटच्या वितीला अडलं. तिने दात-ओठ खाल्ले तेव्हा लगेच त्यांनी हात वर केला. ‘बस। ज़ोर आज़माना नहीं है। जो चीज़ रोज़ करनी हो वो आराम से होनी चाहिए।’

तिसरी जोडी दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीची होती, थोडी वापरलेली. मी मोजपट्टी लावली.

‘चाचा, ये तो दो इंच छोटा है,’ मी म्हणालो. ‘दरवाज़ा पूरा ऊपर नहीं जाएगा।’

‘जी। इसीलिए तो।’ ते माझ्याकडे वळले. ‘साहब, आपने गाड़ी नाप ली थी। इनका क़द नापा था?’

मी हिच्याकडे बघितलं. लग्नाला सतरा वर्षं झाली होती आणि बायको पाच फुटांहून कमी आहे हे मला त्या दिवशी हिशेबात धरावंसं वाटलं. दार कमी उंच गेलं की त्याची कड तिच्या हाताच्या टप्प्यात राहणार होती. तेवढंच मला सुचलं नव्हतं.

‘लेकिन लंबे लोगों का सिर लगेगा,’ मी तरी हटेना.

‘किस काम की गाड़ी है?’ त्यांनी हिला विचारलं.

‘किताबें बाँटती हूँ इसमें से।’

‘तो झुक के लें,’ चाचा म्हणाले. ‘किताब ही तो ले रहे हैं।’

तिने दार उघडलं. ते झेपावलं नाही, शांतपणे वर गेलं आणि थांबलं. मग तिने डावा हात वर करून कड धरली आणि ओढली. दार तिच्याबरोबर खाली आलं आणि खट् असा आवाज करून बसलं. तिने पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. मी मागच्या शनिवारी जो खेळ केला होता तोच आता ती करत होती आणि मी व चाचा तिच्याकडे बघत उभे होतो. चाचांनी दाराच्या आतल्या कडेला कॅनव्हासचा एक पट्टाही अडकवून दिला, थकव्याच्या दिवसासाठी. ‘जाड़े में गैस सुस्त पड़ती है,’ त्यांनी थंडीच्या दिवसांसाठी बजावलं, ‘तब एक बार फिर आइएगा, देख लेंगे।’ निरोप घेताना मी त्यांना वाकून नमस्कार केला. मी असा सहजासहजी कोणाला नमस्कार करत नाही. रेल्वेतले मोठमोठे तज्ज्ञ मी पाहिले होते, पण कामाचा पहिला प्रश्न माणसाबद्दल विचारणारा तज्ज्ञ मला त्या दुकानात भेटला.

रविवारी ती म्हणाली, ‘चला आज. बघायचं असेल ना तुम्हाला.’ मी गेलो. चारबागला सगळं बिनबोभाट पार पडलं. तेलीबागेत दहा-बारा जण जमले होते. बँकेतल्या एका सहा फुटी गृहस्थांचं डोकं दाराला आपटलं आणि ‘वाकून घ्या हो, पुस्तक आहे ते,’ असं हिने त्यांना सुनावलं. मुलांनी वाक्यं जुळवली, टाळ्या झाल्या. मी लांब बाकावर बसून राहिलो.

शेवटी मागच्या रविवारची आठवण ठेवून दोघी बायका दार ओढायला पुढे झाल्या.

‘राहू द्या, मी करते,’ ही म्हणाली. तिथे ती थांबू शकली असती. दार तिला मिटता येत होतं, कोणाला काही कळण्याची गरज उरली नव्हती, सगळा खटाटोप त्यासाठीच तर केला होता. पण ती पुढे बोलली. ‘माझं कॅन्सरचं ऑपरेशन झालंय, उजव्या बाजूला. मी आईकडे नव्हते गेले. हा हात वर जात नाही, म्हणून दार डाव्या हाताचं करून घेतलंय.’

कोणाला कुठे बघावं कळेना. एकीने पदर तोंडाला लावला. एक जण ‘अगंबाई’ म्हणाली. सहा फुटी गृहस्थ पुस्तकाची पानं चाळू लागले. ही मात्र वहीत नोंदी पुऱ्या करत होती. हळूहळू लोक पांगले, नेहमीपेक्षा जरा लवकरच. मी बाकावरून उठलो. आता कोणी येईल का पुढच्या वेळी, असं माझ्या मनात आलं.

एक बाई तेवढी मागे राहिली होती. मी तिला ओळखत होतो, मुलांसाठी मासिकं न्यायला यायची, स्वतःसाठी कधी काही घ्यायची नाही. कापडी पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून ती गाडीच्या जवळ आली. मी तिथेच आहे हे तिच्या लक्षात आलं नसावं.

‘वहिनी,’ ती म्हणाली, ‘दुखत नसेल ती गाठ, तर ती साधी असते ना?’

हिने वही मिटली. ‘कधीपासून आहे?’

‘दिवाळीपासून.’

तेव्हा चैत्र चालू होता.

‘घरी सांगितलंय?’

‘नाही. मुलांच्या परीक्षा होत्या. मग म्हटलं आता पाहुणे येणारेत, ते गेले की...’

हिने डावा हात वर केला, दाराची कड धरली आणि एका ओढीत दार मिटलं. ‘बसा पुढे.’

‘आत्ता? अहो, रविवार आहे, स्वयंपाक व्हायचाय घरी.’

‘माझी गाठ ज्यांनी इथे पहिल्यांदा तपासली, त्या डॉक्टरीणबाई रविवारी घरी बघतात. बसा.’ मग ती माझ्याकडे वळली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज पक्का होता. ‘अहो, तुम्ही यांच्या घरी जा. यांच्या मिस्टरांना खरं काय ते सांगा, आणि दोघं टेम्पोने तिकडेच या.’

‘मी सांगू?’

‘तुम्हीच.’

गाडी गेली. घर दोन गल्ल्या सोडून होतं. मी ते अंतर किती हळू चाललो असेन! बेल वाजवली. दार उघडणाऱ्या गृहस्थांच्या हातात रविवारची पुरवणी होती आणि मागे टीव्ही चालू होता. ‘या, या,’ ते म्हणाले, ‘आज लवकर उरकलं वाटतं वाचनालय? ही कुठे राहिली?’

‘माझ्या बायकोला कॅन्सर झाला होता,’ मी म्हणालो. इतक्या महिन्यांत तो शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदा बाहेर पडला. ‘ती आता बरी आहे. तुमच्या मिसेसना घेऊन ती डॉक्टरकडे गेली आहे. चप्पल घाला, आपल्याला जायचंय.’